तापमानाचा कागद आणि व्यापाऱ्याचे ईमान
रंगाई व हीट-सेटिंगच्या यंत्रांवरील रेकॉर्डर तपासून घेणे का जरुरी आहे?

मापात मारू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पवित्र कुरआनात ‘अल-मुतफ्फिफीन’ या नावाची एक सूरहच आहे. घेताना पुरते मोजून घेणाऱ्या व देताना कमी देणाऱ्या लोकांना दिलेल्या इशाऱ्याने ती सुरू होते. हजरत शुऐब (अलै.) यांच्या कौमची एक मोठी बुराई हीच होती की ते मापात व वजनात कमी देत. म्हणून आपला दुकानदार गज आणि तराजू जपून वापरतो. वजनांवर दर ठरावीक मुदतीने सरकारी शिक्काही मारून घ्यावा लागतो.

परंतु आजच्या कापडाच्या धंद्यात गज आणि तराजू एवढीच मापे उरलेली नाहीत. पॉलिस्टर कापडाचा रंग पक्का बसला की नाही, हे किती अंश उष्णतेवर ते किती वेळ शिजले यावर ठरते. कापडाची रुंदी धुतल्यावर टिकेल की आटेल, हे स्टेंटरच्या उष्णतेवर ठरते. म्हणजे तापमान हेसुद्धा एक मापच आहे आणि रेकॉर्डर हा त्याचा तराजू आहे. या तराजूवर शिक्का मारायला मात्र कोणी येत नाही. तो मालकाने स्वतःच तपासून घ्यायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो वर्षानुवर्षे तपासला जात नाही आणि त्याचा तोटा मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सर्वांना होतो. या लेखकालाही तो झाला आहे, आणि तोट्यापेक्षा मोठी एक चूकही हातून झाली आहे. ती प्रथम सांगतो.

एका मरून रंगाची हकीकत

२०१७ ची गोष्ट. नोटाबंदीनंतर बाजार थंड होता आणि सर्वांची नजर रमजान ईदच्या सीझनवर होती. मी भिवंडीतून ग्रे कापड घेऊन ठाणे जिल्ह्यातील एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगवायला देत असे. लेडीज ड्रेस मटेरियलचा पॉलिस्टर माल होता, रंग गडद मरून. जानेवारीत रंगवलेला पहिला लॉट उत्तम निघाला. त्यावर मराठवाड्यातील एका घाऊक गिऱ्हाइकाने मोठी ऑर्डर दिली. मार्चमध्ये त्याच रंगाचे आणखी दोन लॉट काढले, मिळून चार हजार मीटर. ते शेडला फिके निघाले. एवढेच नव्हे, तर पांढऱ्या रुमालाने घासले की रुमालाला रंग लागत होता. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला.

मी तडक प्रोसेस हाऊसमध्ये गेलो. मालकाने रेकॉर्डरचा कागद पुढे ठेवला. १३० अंशांवर पाऊण तास सरळ रेघ, कोठेही खोट नाही. कृती तीच, रंग त्याच कंपनीचे, कागदही बरोबर. मग माझ्या मनात एकच विचार आला की रंगारी मास्टरने रंग कमी टाकला आणि वाचवलेला रंग बाहेर विकला. हे मी मनात ठेवले नाही. कामगारांसमोर बोललो. हा मास्टर राहील तर माझा माल येथे येणार नाही, असेही म्हणालो. मालकाने बिलातून कपात मान्य केली आणि मास्टरचा एक महिन्याचा पगार अडवून त्याला काढून टाकले. वीस वर्षे रंगाईत घालवलेला तो माणूस एकच वाक्य बोलला, “शेठ, रंग मी पुरा टाकला आहे.” मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही, कारण माझ्या हातात कागद होता.

मास्टर गेला, नवीन मास्टर आला, आणि पुढचा लॉटही फिकाच निघाला. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

आमच्या मोहल्ल्यात एक बुजुर्ग आहेत. मुंबईच्या गिरणीत त्यांनी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून नोकरी केली होती. असरच्या नमाजनंतर मी त्यांना ही हकीकत सांगितली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

“शेठ, तक्रार कधीपासून सुरू झाली?”

“मार्चपासून, चाचा.”

“आणि मार्चच्या आधी त्या खात्यात काय बदलले?”

मला माहीत नव्हते. चौकशी केल्यावर कळले की फेब्रुवारीत मालकाने नवीन एअरकंडिशन केबिन बांधून सर्व रेकॉर्डर तेथे हलवले होते. चाचा म्हणाले, “मग कागद बघत बसू नका. थर्मासभर बर्फ घेऊन चला.”

बर्फाने काय सांगितले?

जेट मशीन थंड असताना चाचांनी त्यातील सेन्सर बाहेर काढवला आणि बर्फाच्या थर्मासमध्ये बुडवून ठेवला. पंधरा मिनिटे थांबून केबिनमधील रेकॉर्डर पाहिला. तेथे शून्य दिसायला हवे होते. काटा पाच अंशांच्याही थोडा वर होता. मग त्यांनी सेन्सरपासून केबिनपर्यंतची केबल तपासली. सेन्सरला तीन तारा होत्या, पण नवीन टाकलेली तीस मीटरची केबल दोनच तारांची होती. वायरमनने हाताशी होती ती केबल वापरली आणि रेकॉर्डरच्या तिसऱ्या टर्मिनलवर तारेचा एक छोटा तुकडा जोडून काम भागवले होते. रेकॉर्डर चालू झाला, आकडा दिसू लागला, सर्वांचे समाधान झाले.

त्या तुकड्याने साडेपाच अंशांची खोट घातली. रेकॉर्डरवर १३० दिसत होते तेव्हा मशीनमधील पाणी साडेचोवीस वर शंभर, म्हणजे १२४.५ अंशांच्या आसपासच होते. वाफेचा व्हॉल्व्हही त्याच यंत्राच्या हुकमाने बंद होत होता. त्यामुळे कागदावर रेघ सरळ येत होती. पॉलिस्टरच्या गडद रंगांना १३० अंशांची गरज असते. उष्णता कमी पडली की रंग धाग्याच्या आत पुरता जात नाही. थोडा पाण्यात राहतो, थोडा वरच्यावर चिकटतो. म्हणून शेड फिकी आणि घासले की रंग हाताला. मास्टरने रंग पुरा टाकला होता. खोटी गवाही कागदाने दिली होती.

हा सेन्सर काम कसा करतो?

रंगाईच्या मशीनमध्ये बहुधा ‘पीटी १००’ नावाचा सेन्सर असतो. पीटी म्हणजे प्लॅटिनम. धातू गरम झाला की त्याचा विजेला होणारा अवरोध वाढतो, या नियमावर तो चालतो. प्लॅटिनमचा असा उपयोग करता येईल हे विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये मांडले आणि ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये तो भरवशाचा करून दाखवला. शून्य अंशावर या सेन्सरचा अवरोध बरोबर १०० ओहम असतो, म्हणूनच नाव पीटी १००. पुढचे आकडे असे आहेत:

५० अंशांवर ११९.४० ओहम
१०० अंशांवर १३८.५१ ओहम
१३० अंशांवर १४९.८३ ओहम
१५० अंशांवर १५७.३३ ओहम
१८० अंशांवर १६८.४८ ओहम
२०० अंशांवर १७५.८६ ओहम

म्हणजे एका अंशाला सुमारे ०.३८ ओहम. आता तारेचा हिशेब करा. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला एका मीटरमागे सुमारे ०.०३४ ओहम अवरोध असतो. तीस मीटर जायचे व तीस मीटर यायचे, मिळून साठ मीटर, म्हणजे दोन ओहमपेक्षा थोडे जास्त. रेकॉर्डरला हे कळत नाही की हे दोन ओहम तारेचे आहेत. तो समजतो की सेन्सरच जास्त गरम आहे, आणि साडेपाच अंश वाढवून दाखवतो. तिसरी तार याचसाठी दिलेली असते. तिच्यामुळे रेकॉर्डर तारेचा अवरोध मोजून वजा करतो. तिन्ही तारा एकाच जाडीच्या व एकाच लांबीच्या असल्या तरच हा हिशेब जमतो.

स्टेंटरवरील थर्मोकपल

स्टेंटरवर आणि क्युरिंग मशीनवर अनेक ठिकाणी थर्मोकपल असते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक गरम केले की थोडी वीज निर्माण होते, हा शोध सीबेक यांनी १८२१ मध्ये लावला. ‘के’ जातीच्या थर्मोकपलमध्ये १०० अंशांना ४.०९६ मिलिव्होल्ट आणि २०० अंशांना ८.१३८ मिलिव्होल्ट मिळतात. मात्र हे आकडे दुसरे टोक शून्य अंशावर धरून दिलेले असतात. प्रत्यक्षात दुसरे टोक रेकॉर्डरच्या पाठीमागे असते. तेथे ३०-३५ अंश असतात, ते रेकॉर्डर स्वतः मोजून मिळवतो.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, थर्मोकपलच्या डोक्यापासून रेकॉर्डरपर्यंत त्याच जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल टाकण्याऐवजी साधी तांब्याची तार टाकली जाते. समजा, स्टेंटरजवळ डोके ६० अंशांवर आहे आणि रेकॉर्डर ३५ अंशांवर. तांब्याच्या तारेमुळे मधले २५ अंश गायब होतात. रेकॉर्डर १८० दाखवतो तेव्हा आत २०५ अंश असतात. अशा वेळी पांढरे कापड पिवळट पडते, हात कडक लागतो आणि रंगीत मालाची शेड बदलते. दुसरी चूक, केबल योग्य टाकली पण दोन्ही टोकांना उलटी जोडली. तेव्हा आकडा वाढताना नीट वाढतो म्हणून कोणाला शंका येत नाही, पण खोट दुपटीने, म्हणजे याच उदाहरणात ५० अंशांची होते.

स्टेंटरबाबत आणखी एक गोष्ट. रेकॉर्डर हवेचे तापमान लिहितो, कापडाचे नाही. ओले कापड आत गेले की प्रथम पाणी उडते, मग कापड तापते. कापड खरोखर किती तापले हे पाहायला उष्णतेने कायमचा रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या कापडाच्या डाव्या, मधल्या व उजव्या भागावर चिकटवून एक ताका सोडावा. तिन्ही बाजूंचा फरक लगेच कळतो.

तपासणी कशी करावी?

१. शून्य अंश. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मास काठोकाठ भरावा आणि फटी भरतील एवढेच पाणी ओतावे. पाणी जास्त व वर बर्फ तरंगतो आहे असे असेल, तर तळाशी चार अंशांपर्यंत पाणी राहू शकते. लादीचा बर्फ मिठाच्या पाण्याच्या टाकीत साचे ठेवून बनवतात, म्हणून तो आधी धुऊन घ्यावा. मीठ मिसळले की तापमान शून्याखाली जाते. सेन्सर तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नये आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

२. उकळते पाणी. हा दुसरा सोपा बिंदू आहे, पण गाव पाहून. भिवंडी समुद्रसपाटीजवळ आहे, तेथे पाणी जवळजवळ १०० अंशांवर उकळते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो. दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश कमी धरावा. मालेगावसारख्या सव्वाचारशे-साडेचारशे मीटर उंचीच्या गावी पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळेल. तेथे रेकॉर्डरचा स्क्रू फिरवून १०० करणारा मनुष्य बरोबर यंत्र बिघडवतो.

३. कामाचे तापमान. रंगाई १३० वर होते आणि हीट-सेटिंग १८० ते २१० वर. शून्य व शंभरवर बरोबर असलेले यंत्र दोनशेवरही बरोबर असेलच असे नाही. यासाठी तेलाची बाथ किंवा ड्राय ब्लॉक लागतो. त्यात आपला सेन्सर व प्रमाणित सेन्सर शेजारी शेजारी बुडवून दोन्हींचे आकडे लिहितात. हे काम प्रयोगशाळेकडून करून घ्यावे.

४. फक्त रेकॉर्डर. सेन्सर सोडवून त्याच्या जागी ओहमची पेटी जोडतात आणि वर दिलेले आकडे लावून पाहतात. १४९.८३ ओहम लावले की १३० दिसले पाहिजेत. थर्मोकपलच्या रेकॉर्डरला मिलिव्होल्ट देऊन पाहतात, मात्र रेकॉर्डरच्या जागेचे तापमान हिशेबात धरूनच.

५. दुरुस्ती. रेकॉर्डरला दोन समायोजने असतात, शून्याचे आणि पल्ल्याचे. प्रथम शून्य, मग पल्ला, आणि पुन्हा शून्य पाहावे, कारण एक फिरवले की दुसरे थोडे हलते. स्क्रूला हात लावण्यापूर्वी सापडले ते आकडे लिहून ठेवावेत. मागचा माल कितीने चुकला हे त्याच आकड्यांवरून कळते. अनेक मेकॅनिक हीच नोंद ठेवत नाहीत.

कागदी रेकॉर्डर असेल तर पेनाचा दांडा सैल नाही ना, हेही बघावे. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, त्यानेही रेघ सरकते. आता पडद्यावर आकडे दाखवणारे बिनकागदी रेकॉर्डर सर्रास आले आहेत. त्यांचा आकडा दशांशापर्यंत दिसतो म्हणून लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात. पण सेन्सर आणि तार तीच असते. दशांश दिसतो याचा अर्थ तो खरा आहे असा नाही.

सर्टिफिकेट वाचायला शिका

भिंतीवर सर्टिफिकेट लावलेले असते, पण ते कशाचे आहे हे कोणी वाचत नाही. पुष्कळदा ते फक्त रेकॉर्डरचे असते, सेन्सरचे व केबलचे नाही. आमच्या प्रकरणात रेकॉर्डर एकटा तपासला असता तर तो निर्दोष ठरला असता, आणि सेन्सरही निर्दोष होता. खोट मधल्या तारेत होती. म्हणून सेन्सरपासून कागदापर्यंतची सर्व साखळी जागेवर जोडलेली असतानाच तपासली पाहिजे.

प्रयोगशाळा एनएबीएलची मान्यता असलेली आहे का आणि ती मान्यता तापमानासाठी व आपल्या पल्ल्यासाठी आहे का, हे पाहावे. तिच्या प्रमाणित सेन्सरची साखळी दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसारख्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत पोहोचली पाहिजे. सर्टिफिकेटवर तपासलेले बिंदू, सापडलेला फरक आणि मोजणीची अनिश्चितता लिहिलेली असते. नुसते ‘ठीक आहे’ असे लिहिलेला कागद काही कामाचा नाही. नवा सेन्सरही अगदी तंतोतंत नसतो. ‘बी’ वर्गाच्या पीटी १०० ला १३० अंशांवर जवळजवळ एका अंशाची सूट आहे, ‘ए’ वर्गाला अर्ध्या अंशाहूनही कमी. गडद व नाजूक शेडसाठी ‘ए’ वर्ग घेतलेला बरा.

वर्षातून एकदा प्रयोगशाळेची तपासणी आणि महिन्या-दोन महिन्यांनी बर्फाची तपासणी, एवढे कोणालाही परवडते. शिवाय सेन्सर बदलला, केबल बदलली किंवा रेकॉर्डर जागेवरून हलवला, तर त्याच दिवशी तपासावे. तारीख येण्याची वाट पाहू नये.

आपण व्यापाऱ्यांनी काय करावे?

माल जॉबवर देणाऱ्याने चलानबरोबर तीन गोष्टी मागाव्यात: लॉट नंबर घातलेला तापमानाचा कागद, त्या मशीनच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि मोठा लॉट लावण्यापूर्वी एक नमुना ताका. यात अविश्वास नाही. उलट कागद व माल यांचे जुळत नसेल तर कोणावर बोट दाखवण्यापूर्वी यंत्र तपासता येते.

आमच्या प्रोसेस हाऊसच्या मालकाने तीन तारांची केबल टाकली. बर्फात काटा शून्यावर आला. फिके लॉट १३० अंशांवर पुन्हा रंगवून मिळाले, पण ईदचा सीझन निघून गेला होता आणि माल पुढे कमी भावात विकावा लागला. पैशाचा तोटा भरून निघतो. मास्टरचे काय?

हदीसमध्ये येते की प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरून धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. मी मात्र वरचा कागद पाहिला, आत हात घातला नाही आणि एका माणसावर चोरीचा आळ घेतला. ज्या कामगारांसमोर मी तो आळ घेतला होता त्यांच्यासमोर तो मागे घेतला. मालकाने अडवलेला पगार पाठवला. मास्टरला शोधून मी माफी मागितली. तो म्हणाला, “शेठ, अल्लाह माफ करणारा आहे. पण रेकॉर्डर बघून घेत चला.” तो परत आला नाही. त्याला दुसऱ्या गावी काम लागले होते.

तेव्हापासून ज्या प्रोसेस हाऊसमध्ये माझा माल जातो, तेथे मी आधी विचारतो की सेन्सरला तारा किती आहेत आणि बर्फात काटा कोठे येतो. काही लोक हसतात, काही रागावतात. ज्यांनी एकदा तपासून पाहिले ते मात्र नंतर स्वतःहून आकडा सांगतात.

अल्लाह आपणा सर्वांना पुरे माप घेण्याची आणि पुरे माप देण्याची तौफीक देवो. आमीन.